पगारवाढ नाकारणारांस दोन शब्द

शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या घरांतील जी मुले कारखान्यांत व कचेऱ्यांत नोकरीस लागली आहेत, त्यांच्या तोंडी एक वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. “पगार वाढला तर वरचा कर लागेल आणि हातात आहे त्याहून कमी येईल.” या समजापायी कोणी जादा काम सोडतो, कोणी बढतीला नको म्हणतो. ज्यांच्या बापजाद्यांनी न वाचता येणाऱ्या सावकारी वहीवर अंगठे उठविले, त्यांच्या शिकलेल्या लेकरांनी एका त्रैराशिकापायी आपल्या घामाचा दाम सोडावा, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

केवळ शेतीच्या उत्पन्नावर मध्यवर्ती सरकारचा प्राप्तीकर नाही, ही सूट १८८६ च्या कायद्यापासून आहे. म्हणून घरातली वडील माणसे या हिशेबाकडे लक्ष देत नाहीत. पण मुलाचा पगार आता त्याच घरात येतो ना?

हा समज चुकीचा आहे. मात्र तो निव्वळ वेडेपणाचा नव्हे. आपल्या देशात १९३९ पूर्वी प्राप्तीकराची पायऱ्यांची पद्धत होती. उत्पन्नाने पायरी ओलांडली की साऱ्या उत्पन्नाला वरचा दर लागे. सीमेवरच्या माणसाला थोडी सवलत असे एवढेच. १९३९ साली ती मोडून टप्प्यांची पद्धत आली. पायऱ्या गेल्या, भीती मात्र घराघरांत राहिली.

टप्पा म्हणजे काय ते खळ्यावर पाहावे. लाखाचे एक पोते धरा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षाकरिता नव्या पद्धतीचे जे दर ठरले, त्यांत पहिल्या चार पोत्यांस सरकार हात लावीत नाही. पुढच्या चारांतून विसावा हिस्सा, त्यापुढच्या चारांतून दहावा. मग दर चार पोत्यांस शेकडा १५, २०, २५, आणि चोविसाच्या वर सरसकट ३०. सतरावे पोते खळ्यात आले म्हणून मागच्या सोळांची तोंडे कोणी पुन्हा सोडीत नाही. सारी मेख एवढीच आहे.

आता आकडे घ्या. एकाचे करपात्र उत्पन्न १५,९०,००० होते, ते २०,००० ने वाढून १६,१०,००० झाले. पहिला कर १,१८,५००, नंतरचा १,२२,०००. वाढ ३,५०० ची. त्यावर शेकडा ४ उपकराचे १४०. वीस हजारांतले १६,३६० घरी आले. “साऱ्या रकमेवर शेकडा २०” म्हणून ३,२२,००० चा बागुलबुवा जो दाखवितो, त्याला हिशेब कागदावर मांडावयास सांगावे.

बारा लाखांपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. तिथवर सूट मिळून कर शून्य होतो, आणि १२,१०,००० झाले की टप्प्यांप्रमाणे ६१,५०० येतात. दहा हजारांच्या कमाईस साडेएकसष्ट हजारांचा दंड! म्हणून कायद्याने तेथे कर वाढीव दहा हजारांपुरताच रोखला आहे. त्यावर उपकराचे ४०० पडतात, तेवढा तोटा खरा. या अरुंद पट्टीत जादा कमाई जवळजवळ सगळी सरकारजमा होते, आणि ही गोष्ट आम्हांस न्यायाची वाटत नाही. परंतु उत्पन्न १२,७०,००० च्या थोडे पुढे गेले की ही अडचण संपते.

रेषा ओलांडताच सर्वस्व जाते अशी जागा वेगळी आहे आणि ती आमच्याच लोकांना जास्त लागते. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून आठ लाखांची आहे. तेथे टप्पे नाहीत. सलग तीन वर्षे उत्पन्न त्या वर राहिले की मुलाची सवलत पुरी जाते. पण या कसोटीत पगाराचे व शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत, हे किती जणांस ठाऊक आहे? कारखाना, दुकान, घरभाडे यांचे उत्पन्न धरितात. ज्याला खरोखर भ्यावयाचे तो कारखानदार निर्धास्त असतो, आणि त्याचा पगारदार भाऊ उगीच बढती नाकारून बसतो.