डिग्री आपली, जोखीम कुणाची?

आमच्या कसबा बावड्यातला एक पोरगा डॉक्टर झाला. घरातला पहिला. कर्ज काढून त्यानं दवाखाना टाकला. विहारातल्या बैठकीत मी विचारलं, "व्यावसायिक दायित्वाचा विमा काढलास का?" तो बोलायच्या आत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ही भांडवलदारांची थेरं. आपण काय चुका करायला बसलोय?"

१९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी करा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला पगाराच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करा, अशी मागणी केली होती. त्यांना विमा खाजगी नफ्याच्या हातात नको होता. विमाच नको, असं ते कुठं म्हणाले?

राहिला चुकांचा मुद्दा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. तक्रार खोटी ठरली तरी वकिलाची फी जातेच. ज्याच्या बापाचा वीस एकर ऊस आहे, तो एक एकर विकून निस्तरेल. आपल्या पोराकडे विकायला काय आहे? दवाखान्याच्या कर्जाला आईचं राहतं घर तारण आहे.

हा विमा ठरलेल्या मर्यादेपर्यंत नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च देतो. एक मेख मात्र आहे. बहुतेक पॉलिसींत दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. उपचार तीन वर्षांपूर्वीचा आणि मध्ये हप्ता चुकवलेला, तर हात रिकामे. नोटीस आली की कंपनीला लगेच लेखी कळवायचं, परस्पर चूक कबूल करून बसायचं नाही. इंजिनिअर, सीए, आर्किटेक्ट पोरांनाही हेच लागू.

आता कडू बोलतो. हा विमा तुमच्या हाताखालच्या माणसासाठी नाही. दवाखान्यातली मावशी, साईटवरचा बिगारी यांच्यासाठी कर्मचारी भरपाईचा कायदा आहे (२०२५ पर्यंत तो १९२३ चा होता), त्याची पॉलिसी वेगळी. मालक झालो की आपणही हे विसरतो. सफाईचे ठेके घेणाऱ्या आपल्या पोरांनी तर नीट ऐकावं. सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पैसे कुणीही भरले तरी तुरुंगात विमा कंपनी जात नाही.

डॉक्टर येत्या रविवारी पॉलिसीचे कागद घेऊन विहारात येतोय. त्या ज्येष्ठांनाही बोलावलंय. वाद तिथंच घालू.

जयभीम.