दोन वर्षांच्या पट्टीवर आशिया

दक्षिण आशियाच्या अभ्यासाला वाहिलेल्या जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर कमी, म्हणजे ती कोणी वाचत नाही. सबब ग्रंथालयांनी त्यांची वर्गणी बंद करावी आणि त्यांत लिहिणाऱ्याला बढतीत गुण देऊ नयेत, असे एका विद्वानांनी नुकतेच ठासून सांगितले. यातली पहिली पायरीच कच्ची आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराचे यंदा झालेले उल्लेख भागिले त्या काळातल्या लेखांची संख्या. यूजीन गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने ही पट्टी १९६०च्या दशकात विज्ञानाच्या उल्लेखसूचीत कोणती जर्नले घ्यावीत हे ठरवण्यासाठी बनवली. जीवरसायनात दोन वर्षे म्हणजे पुष्कळ. आता पेशवाईतल्या एखाद्या परगण्याच्या महसुलावरचा लेख घ्या. तो वाचून एखाद्या विद्यार्थिनीला प्रश्न पडतो. ती आधी मोडी शिकते, मग पुणे पुराभिलेखागारात रुमालांमागून रुमाल सोडते, प्रबंध लिहिते, यथावकाश त्याचे पुस्तक करते. तिच्या तळटीपेत मूळ लेख येईपर्यंत आठ-दहा वर्षे सहज उलटतात, आणि त्या तळटीपेने इम्पॅक्ट फॅक्टर तसूभरही हलत नाही. ज्या लेखाने एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांना दिशा दिली, तो या हिशेबात मेलेला! पाच वर्षांचीही पट्टी आहे, असे उत्तर येईल. तीही अपुरीच. ज्या वार्षिक अहवालातून हा आकडा उचलतात, त्यातच उल्लेखांच्या अर्धायुष्याचा रकाना असतो: यंदा उल्लेखलेल्या मजकुरापैकी निम्मा किती वर्षांहून जुना आहे, ते त्यात कळते. इतिहासाच्या कित्येक जर्नलांपुढे तिथला आकडा दहाहून अधिक असतो. हा रकाना विद्वानांना दिसला नाही, की पाहायचा नव्हता?

पुस्तक-परीक्षणे भाजकात धरत नाहीत, त्यांचे उल्लेख मात्र भाज्यात घेतात. म्हणजे आकडा अचूकही नाही.

या अभ्यासशाखेच्या मोलाबद्दलचा वाद जुनाच आहे. स्पुटनिकनंतर, १९५८च्या कायद्याने अमेरिकेत परक्या भाषांच्या शिक्षणाला पैसा मिळाला, म्हणून दक्षिण आशियाचा हा सारा अभ्यास शीतयुद्धाचे अपत्य, असे वर्षानुवर्षे ऐकवले जाते. पैसा तिथूनच आला, हे खरे. पण १९६२पासून पीएल-४८०च्या, म्हणजे अमेरिकेने भारताला विकलेल्या धान्याच्या, रुपयांतून मराठी पुस्तके अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोचली, हेही खरे. अशा मराठी पुस्तकाने एखाद्या लेखाची दखल घेतली, तर उल्लेखसूच्यांच्या लेखी बहुधा काही घडलेलेच नसते.

मग मोजावे कसे? पंधरा वर्षांचा काळ घ्या. पुस्तके धरा. ज्या प्रदेशाबद्दल लिहिले, तिथल्या भाषेत कोणी दखल घेतली का, ते पाहा. आणि बढतीपुरते तर २०१२मध्ये तयार झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने स्पष्टच सांगितले आहे: जर्नलच्या आकड्यावरून लेखकाची पारख करू नका. निवड समितीने उमेदवाराचे दोन लेख मागवावेत आणि बैठकीआधी वाचून यावे.