मासा संकट घेत नाही

काचपेटीत सकाळी मासा पोट वर करून तरंगताना दिसला की घरातले कोणीतरी वडीलधारे हमखास म्हणते, "जाऊ दे, घरावरचं संकट त्याच्यावर गेलं." पोरांची समजूत निघते, मासा कचऱ्याच्या डब्यात जातो आणि संध्याकाळी त्याच दुकानातून तसाच दुसरा मासा प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येतो. पेटीतल्या पाण्यात अमोनिया किती झाला होता, हे कोणी तपासत नाही. तपासायचे कशाला? संकट तर टळले!

याला श्रद्धा म्हणू नका. आपल्या हलगर्जीपणाने एक जीव गेला, हे कबूल करावे लागू नये म्हणून काढलेली ही पळवाट आहे. वेशीवर कोंबडे कापणाऱ्याला निदान आपण बळी देतो आहोत हे ठाऊक असे. आमचा सुशिक्षित फ्लॅटधारक बळी देतो आणि वर त्याला छंद म्हणतो. कोणी सांगितले, ईशान्येला पाणी ठेवा. कोणी सांगितले, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवा, लक्ष्मी नांदेल. त्या नऊ जणांना किती लिटर पाणी लागेल, हे सांगणाराही बोलत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. दशावतारांत पहिला मान मत्स्याला देणाऱ्या समाजाच्या दिवाणखान्यात मत्स्याच्या जिवाची ही किंमत!

गोल्डफिशवर भागत होते तोवर हे पाप गोड्या पाण्यापुरते होते. आता हौस खाऱ्या पाण्यापर्यंत पोचली आहे. 2003 साली 'फाइंडिंग निमो' आला. समुद्रातून पकडून सिडनीतल्या एका दंतवैद्याच्या काचपेटीत टाकलेल्या पिल्लाला त्याचा बाप शोधत जातो, ही त्या चित्रपटाची गोष्ट. ती पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या मुलांनी हट्ट कसला धरला? आपल्याकडेही निमो हवा! मुलांचे सोडा, ती मुलेच. पण हट्ट पुरवणाऱ्या आईबापांनी गोष्ट पाहिली होती की नुसते पॉपकॉर्न खाल्ले?

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे तळ्यांत आणि टाक्यांत वाढवलेले असतात. समुद्री माशांचे तसे नाही. बाजारातल्या बहुसंख्य जाती आजही प्रवाळांच्या कपारींतून पकडून आणतात. 1960च्या दशकात फिलिपिन्समध्ये त्यासाठी एक रीत सुरू झाली आणि पुढे ती इंडोनेशियात पसरली. पाणबुड्या सोडियम सायनाईडचे पाणी बाटलीत घेऊन उतरतो, प्रवाळाच्या फटीत पिचकारी मारतो आणि गुंगी आलेला मासा हाताने उचलतो. फटीतला प्रवाळ मरतो. वाचलेल्या माशांतले अनेक दुकानात चकचकीत दिसतात आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, वरकरणी कारण न दिसता दगावतात. त्या विषाचे उरलेले काम तुमच्या हॉलमध्ये पुरे होते आणि श्रेय जाते तुमच्या वास्तूला! या पद्धतीवर तिकडे कायद्याने बंदी आहे. पण विकत घेणारा "हा कुठून आला?" असे विचारत नाही, तोवर कोणतीही बंदी कागदावरच राहते.

आणि पारख आम्हाला येत नाही, असे मुळीच नाही. दादरच्या काय, मालवणच्या काय, बाजारात मराठी माणूस सुरमई घेताना कल्ला उघडून लाली बघतो, डोळा बघतो, बोटाने दाबून बघतो, मावशीशी हुज्जत घालतो. तोच माणूस जिवंत मासा घेताना लांबून बोट दाखवतो आणि म्हणतो, "तो निळा द्या." ताटातला मासा शिळा निघाला तर पोट आपले बिघडते. पेटीतल्याचे दुखणे त्याचे त्याला!

तो निळा म्हणजे ब्लू टँग, 'निमो'च्याच चित्रपटातली 'डोरी'. वाढला की फूटभराचा होतो आणि दिवसभर लांबच लांब पोहत शेवाळ खुडतो. त्याला आपण दोन फुटांच्या पेटीत घालतो. 2016पर्यंत त्याची पैदास माणसाला जमलीही नव्हती; त्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना ती पहिल्यांदा साधली. आजही दुकानात दिसणारा ब्लू टँग बहुधा समुद्रातूनच उचललेला असतो.

मँडरिनची कथा तर याहून वाईट. निळ्या अंगावर नारिंगी वळणे, पैठणीच्या पदरासारखा देखणा मासा. तो खडकावर सावकाश सरकतो, थांबतो, डोळा फिरवतो, टोच मारतो, पुन्हा सरकतो. पाहुणे म्हणतात, "किती छान खेळतोय!" तो खेळत नसतो. खडकावर वावरणारे कोपेपॉड नावाचे जेमतेम दिसणारे जीव तो शोधत असतो आणि नव्या पेटीत ते पुरेसे नसतातच. वरून टाकलेले दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली बसतात. बहुतेक मँडरिन त्यांना अन्न म्हणून ओळखतही नाहीत. हळूहळू पोट खपाटीला जाते, पाठ धारदार दिसू लागते, आणि दाण्यांनी भरलेल्या पेटीत तो उपासमारीने मरतो. फुलपाखरू माशांच्या कित्येक जाती प्रवाळाचे जीवच खाऊन जगतात. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. दोन-चार माशांच्या पेटीत त्याचे पोट कसे भरावे? हे सगळे नवशिक्याला विकले जातात, कारण रंग पाहून पैसे मोजणाऱ्याला आहार सांगत बसायला दुकानदाराला वेळ नसतो.

मग नवशिक्याने ठेवावे तरी काय? उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते कोणाला आवडत नाही: थोडे, लहान आणि पैदास केंद्रात जन्मलेले. क्लाउनफिशची, म्हणजे निमोच्या जातीची, जोडी घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचे तंत्र आपल्याच देशात बसवले आहे, आणि आपल्या कांदळवन प्रतिष्ठानाचे शोभेच्या समुद्री माशांचे पैदास केंद्र ऐरोलीत आहे. अशा केंद्रात वाढलेला मासा पहिल्यापासून तयार खाद्यावर पोसलेला असतो आणि त्याच्यासाठी कपारीत विष मारावे लागत नाही. समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो ते समुद्रफूल त्याला पेटीत लागतेच असेही नाही. ते नवशिक्याच्या हातून जगत नाही, म्हणून आणूच नका. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा कार्डिनल मासाही पेटीत जन्मलेला मिळतो. समुद्रातला मात्र घेऊ नका. या व्यापारापायीच ती जात धोक्यात आली आणि 2007 साली संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत गेली. दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर याला खायला घाला. जो खात नाही, कोपऱ्यात धापा टाकतो, ज्याचे पोट आत गेले आहे, तो घेऊ नका. दया येऊन घेतलात, तर त्याच्या जागी दुकानदार तसाच दुसरा आणतो.

मासा आणण्याआधी पाणी तयार करावे लागते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचे कमी घातक नायट्रेट. ही वसाहत खडकांवर बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे. लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार, 25-26 अंश उष्णता, आटलेल्या पाण्याच्या जागी आरओचे बिनमिठाचे पाणी, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते. पेटी जितकी लहान, तितके हे गणित लवकर बिघडते. तरीही पहिली पेटी आम्ही टीपॉयवर मावेल एवढीच घेतो. लग्नाच्या मुहूर्ताला सहा महिने थांबणारा समाज माशासाठी सहा आठवडे थांबत नाही. रविवारी पेटी आली की रविवारीच मासे हवेत, कारण सोमवारी स्टेटसला फोटो जायचा असतो!

खाऊ घालण्यातही तीच बेफिकिरी, फक्त तिला प्रेमाचे नाव. आजोबा चिमूट टाकतात, नातू चिमूट टाकतो, आलेला पाहुणा कौतुकाने आणखी एक टाकतो. कोणी पोळीचा तुकडा, कोणी कुरमुरे. अन्नदानाचे पुण्य सगळ्यांना, कुजलेले पाणी माशांना. दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच घालायचे. मायसिस किंवा आर्टेमिया ही कोळंबीसारख्या बारीक जिवांची गोठवलेली खाद्ये मिळतात. त्यांची वडी वाटीभर पाण्यात वितळवा, गाळणीत गाळा, गाळलेले पाणी ओतून द्या आणि उरलेले खाद्य थोडे थोडे सोडा. शेवाळ खाणाऱ्याला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा काचेला लावा. रोज तेच ते देऊ नका. धडधाकट मोठा मासा एक दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. तुमच्या लाडाने मात्र मरतो.

यावर एक ठरलेला टोमणा आहे: "मासे खाताना दया कुठे जाते?" खाणे आणि छळणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कोळीवाड्यात जाऊन यावे. मासळीवर ज्याचे पोट आहे तो 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्याला लावतो आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग पाण्यात उतरतो. पोटासाठी मारणाऱ्याला नियम आहे. करमणुकीसाठी मारणाऱ्याला जवळजवळ नाहीच. 2017च्या मे महिन्यात केंद्र सरकारने शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, धंद्यातून ओरड झाली आणि काही महिन्यांतच ते मागे घेतले गेले. माशांच्या बाजूने समाजातून किती आवाज उठला? आणि माशाला काही कळत नाही, हे समाधानही आता सोडा. त्याच्या अंगात वेदना टिपणाऱ्या मज्जातंतू असतात, हे एडिंबरोच्या संशोधकांनी 2003 सालीच दाखवले आहे.

जो कायदा आहे, तोही आम्ही दिवाणखान्यात मोडतो. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघाच्या पंक्तीला. वाघाचे कातडे भिंतीवर लावायला घाबरणारा माणूस चोरून आणलेला जिवंत प्रवाळ निळ्या दिव्याखाली पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. विकणाऱ्याबरोबर तोही गुन्हेगार आहे. भारतात खाऱ्या पाण्याची पेटी मांडायची तर ती मासे आणि कोरडा किंवा कृत्रिम खडक यांचीच असली पाहिजे.

आणि कंटाळा आला म्हणून मासा तळ्यात किंवा समुद्रात "सोडून" पुण्य कमावू नका. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1980च्या दशकात पेट्यांतून सुटलेल्या लायनफिशने आज अटलांटिकच्या प्रवाळांतले लहान मासे फस्त करायला घेतले आहेत.

क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगतो. म्हणजे आज मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला आणलेला मासा त्याच्या पंचविसाव्यालाही पोहत असू शकतो. एवढी जबाबदारी झेपणार नसेल तर मुलाचा हात धरून ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर जा. तिथल्या डबक्यांत त्याला फुकट आणि जिवंत सगळे दिसेल. फक्त उचलून काही आणू नका. झेपणार असेल तर आधी महिनाभर वाचा, मग पाणी तयार करा आणि सर्वांत शेवटी मासा आणा. आणि कधी तो मेलाच, तर पोरांसमोर संकटाचे नाव घेऊ नका. पाणी तपासा आणि चूक कोणाची झाली ते त्यांना खरे सांगा.