टोपली आणि पिशवी
गोंदियाहून येणारा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला भेटतो त्या कोहमाऱ्याच्या चौकात, किराणा दुकानासमोर उभी बाई लिटरची तेलपिशवी परत करते आणि अर्ध्या लिटरची मागते. महागाईचा खरा अहवाल हाच. ऑक्टोबर २०२५मध्ये देशाचा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला, २०१२ला शंभर धरणाऱ्या मालिकेतला नीचांक. आकडा खोटा नव्हता. पण दर उतरला म्हणून भाव उतरत नाहीत, त्यांची चढण तेवढी मंदावते. निर्देशांकातली २०१२ची शंभर रुपयांची टोपली तोवर सुमारे १९७ रुपयांची झालीच होती. शिवाय वर्षभरात भाजीपाला २७ टक्क्यांहून जास्त पडला आणि तेल-तूप ११ टक्क्यांनी चढलं. सरासरीत एकाची घट दुसऱ्याची वाढ झाकते, चुलीपुढे झाकत नाही. ज्याच्या परसात वांगी आणि सांभार आहे, त्याला स्वस्त भाजीचं काय कौतुक? तीच भाजी विकायला बसणाऱ्याचा तर तोटाच. तेल मात्र दोघांनाही विकतच घ्यावं लागतं. फेब्रुवारी २०२६पासून निर्देशांकाचं पायाभूत वर्ष २०२४ झालं, टोपली नव्याने भरली, हे बरंच झालं. तरी निर्देशांक भाव मोजतो, मजुरी नाही. धानकापणी आटोपली, की रोजी रोज मिळेलच असं नाही. एका रोजीत किती तांदूळ, किती तेल येतं, हा निर्देशांक पदराच्या गाठीत असतो; आणि ती गाठ दिल्लीहून सुटत नाही.