पडद्यावरचे पिवळे पान

भिलाईचे नाव घेतले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु शहर मागे पडताच दुर्ग जिल्ह्याची भातखाचरे सुरू होतात आणि धमधा भागात टोमॅटोचे मळे. अशा परिसरात होणाऱ्या शेतकरी प्रशिक्षणांत प्रोजेक्टर आता खडू-फळ्याइतकाच रुळला आहे. त्याला लॅपटॉप जोडणे मात्र अजूनही ‘संगणकातले कळणाऱ्या’ कोणा तरुणाचे काम समजले जाते. विस्तार कार्यकर्त्याने स्वतः शिकावे असे ते कौशल्य आहे.

रोवणीच्या दिवसांत अर्धा दिवस मोडून आलेल्या शेतकऱ्याचा वेळ केबल शोधण्यात जातो, ही तक्रार जुनीच. त्याहून गंभीर बाब रंगांची आहे.

व्हीजीए केबलमधून लाल, हिरवा व निळा हे रंग स्वतंत्र तारांतून जातात. निळ्या रंगाची पिन वाकली वा सैल राहिली, तर सारे चित्र पिवळसर दिसते. लाल तुटला, तर निळसर-हिरवे. चित्र दिसते आहे ना, मग चालू द्या, असे म्हणून व्याख्यान पुढे सरकते. समजा, विषय भातावरील खैरा हा आहे. जस्ताच्या कमतरतेने पानांवर उमटणारे गंजासारखे तांबूस-तपकिरी ठिपके हीच त्याची खूण. लाल रंग हरवलेल्या पडद्यावर ते मळकट हिरवे होतात आणि ओळखण्याची खूणच नाहीशी होते. निळा हरवला, तर निरोगी पानही नत्राअभावी पिवळे पडल्यासारखे भासते. ते पाहून कोणी युरियाची जादा गोणी टाकली, तर दोष शेतकऱ्याचा कसा? इलाज मिनिटाभराचा आहे: पिना तपासून केबल नीट बसवावी व दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत.

एचडीएमआय केबलमध्ये चित्र व ध्वनी एकत्र येतात, म्हणून शक्य तेथे तीच वापरावी. नव्या लॅपटॉपला बहुधा व्हीजीए नसते. जुन्या प्रोजेक्टरसाठी अडॅप्टर लागतो आणि ध्वनीची सोय वेगळी करावी लागते. प्रत्येक टाइप-सी जोडणीतून चित्र बाहेर पडतेच असेही नाही. सर्व जोडूनही पडदा कोरा राहिला, तर प्रोजेक्टरवरील ‘सोर्स’ पाहावा. मग विंडोज कळ व ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. ‘एक्स्टेंड’ राहिले, तर वक्ता तन्मयतेने कीडनियंत्रण सांगत असतो आणि श्रोते त्याच्या संगणकावरील हिमशिखर पाहत बसतात.

१९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगाद्वारे उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शेतीविषयक कार्यक्रम पोहोचले; आजच्या छत्तीसगडमधील गावेही त्यांत होती. त्या वेळी दूरचित्रवाणी संचांच्या देखभालीची स्वतंत्र व्यवस्था होती. आज प्रोजेक्टर खरेदी होतो. जादा केबल, अडॅप्टर व लहान स्पीकर यांची तरतूद कोणाच्या ध्यानी येत नाही. खरेदीच्या यादीत या तीन वस्तू प्रोजेक्टरच्या खालोखाल असाव्यात.

वर्ग सुरू होण्यापूर्वी शेतातून आणलेले रोगट पान पडद्यावरील छायाचित्राशेजारी धरून रंग ताडून पाहावेत. जुळले नाहीत, आणि केबल बदलूनही फरक पडला नाही, तर ती स्लाइड वगळून पानच रांगांतून फिरवावे.