शनिवारी कुलूप कुणासाठी?

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लाभला. शाळांना त्यातून वगळले, हे योग्यच झाले. तरीही शाळांनाही शनिवारी सुटी द्यावी, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. ती करणाऱ्यांनी एकदा वर्ध्याकडे पाहावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथील शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार पुढे आला आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने शाळेचे वर्षाला २८८ दिवस धरले. गांधीजींच्या त्या योजनेविषयी मतभेद असतील. तिच्यामागील परिश्रमाच्या अपेक्षेविषयी असू नयेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत किमान २०० आणि पुढे आठवीपर्यंत २२० दिवसांवर समाधान मानले. त्यातच याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणनेच्या व निवडणुकीच्या कामाला जुंपण्याची मुभा देते! शिक्षकांचा भार हलका करायचाच, तर तो तेथे करावा. शनिवार गेला की शहरातील पालक मुलाला शिकवणी लावील. आर्वी-कारंजाकडील शेतमजुराचे मूल मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत आईमागे शेतात जाईल, आणि त्या दिवशीच्या शाळेतील खिचडीलाही मुकेल.