तारीख पुढे का जाते?

हल्ली वर्गातली मुलं आमच्याकडे एकच गाऱ्हाणं आणतात : गेम पुन्हा लांबला! ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग 2025 मध्ये येणार होता. मग 26 मे 2026 ठरली, त्यानंतर 19 नोव्हेंबर 2026. कंपनी मुद्दाम ताटकळत ठेवते, असं मुलांना वाटतं. (हा खेळ मुळात प्रौढांसाठी आहे, हे अम्मी-अब्बांनी ध्यानात घ्यावं.)

टेलर मास्टरला शेरवानीचे दिवस बरोबर सांगता येतात, कारण त्याने शेकडो शिवलेल्या असतात. मोठा खेळ मात्र दर वेळी नव्यानेच बेतावा लागतो. कोणी चित्रं काढतो, कोणी आवाज देतो, कोणी प्रोग्राम लिहितो. तुकडे जोडले की चुका दिसतात. एक दुरुस्त केली की दुसरीकडे काही बिघडतं. किती काम उरलंय, हे चूक सापडेपर्यंत कळतच नाही.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने ‘सायबरपंक 2077’ची घोषणा 2012 मध्ये केली. तारीख दिली 16 एप्रिल 2020. ती गेली 17 सप्टेंबरवर, मग 19 नोव्हेंबरवर, शेवटी 10 डिसेंबरवर. शेवटचा बदल तर खेळ तयार झाल्याचं सांगून झाल्यावर, त्याच ऑक्टोबरात! जुन्या-नव्या यंत्रांसाठीची नऊ रूपं एकाच वेळी तपासायची होती, तीही कोविडमुळे घरी बसून.

याचा भार पडला कामगारांवर. सक्तीचं जादा काम लादणार नाही, असं कंपनीने 2019 मध्ये म्हटलं होतं. सप्टेंबर 2020 मध्ये आठवड्याला सहा दिवस काम आलंच. जादा कामाचे पैसे मिळाले, पण दिलेला शब्द गेला. आम्ही दोष देतो तो लांबणीला नव्हे, काम हाताशी येण्याआधी ठणकावून दिलेल्या तारखेला. उद्याचा शब्द देताना अल्लाहच्या मर्जीची जोड द्यावी, ही सूरह कहफची शिकवण आपल्याला माहीत आहे. (टाळाटाळ करायची असली की आपण ‘इन्शाअल्लाह’ म्हणतो, ती गोष्ट निराळी.)

मुलगा आगाऊ नोंदणीसाठी पैसे मागत असेल, तर खेळ बाजारात येऊन पंधरा दिवस होऊ द्या. सायबरपंकची आगाऊ नोंदणी 80 लाखांची होती. जुन्या प्लेस्टेशन 4 वर तो अडखळायचा, मध्येच बंद पडायचा. जेमतेम आठवड्याने सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. तिथे तो पुन्हा दिसला जून 2021 मध्ये.